बेवारस समजावेत

संशोधन संस्थेच्या नैतिकता समितीत डॉक्टर लागतात, वकील लागतो, एखादा निवृत्त न्यायाधीश लागतो आणि एक सामान्य माणूस लागतो. तसा नियमच आहे. मिरजेजवळच्या मूलपेशी संस्थेत ही सामान्य माणसाची खुर्ची २०४० साली त्रिशला मगदूम यांच्याकडे आली. मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. बाकीचे सभासद प्रस्ताव चाळत; त्रिशलाबाई लाल पेन घेऊन तो वाचत. पहिल्याच बैठकीत त्यांनी एका संमतिपत्रातली सतरा वाक्यं बदलायला लावली. "हे वाचून माणूस आपण कशावर सही करतोय ते कळायच्या आधीच दमेल," त्या म्हणाल्या. तेव्हापासून संस्थेतले तरुण शास्त्रज्ञ त्यांना वचकून असत.

त्याच वर्षी घरात वेगळंच काही सुरू झालं होतं. त्यांचे यजमान भूपाल मगदूम द्राक्षांची कलमं बांधण्यात नावाजलेले. खुंटाला चीर द्यायची, काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची, वरून पट्टी गुंडाळायची. त्यांनी बांधलेलं कलम सहसा वाया जात नसे. त्या हंगामात दोनदा त्यांची सुरी घसरली. मग अक्षर बारीक व्हायला लागलं, इतकं की बँकेनं सही जुळत नाही म्हणून कागद परत पाठवला. सांगलीच्या डॉक्टरांनी त्यांना खोलीत चालायला लावलं, बोटं आपटून दाखवायला सांगितली आणि निदान केलं: पार्किन्सन्स. कंपवात.

"कुणाला बोलू नकोस," बाहेर आल्यावर भूपाल म्हणाले. "हात थरथरणाऱ्याला बागेत कोण बोलावणार?"

त्रिशलाबाई कुणाला बोलल्या नाहीत. कोल्हापूरला राहणाऱ्या लेकीला, चंदनालाही त्यांनी वर्षभर सांगितलं नाही.

डॉ. वागीश केळुस्करांचा प्रस्ताव समितीपुढं आला तो २०४१ च्या मार्चमध्ये. केळुस्कर पंचेचाळिशीचे, बोलताना समोरच्याला समजतंय ना याकडे लक्ष देणारे गृहस्थ. त्यांनी फळ्यावर मेंदूचं चित्र काढलं आणि मधोमध खडूनं एक ठिपका दिला.

"इथल्या काही लाख पेशी डोपामीन नावाचं रसायन तयार करतात. त्या मरत गेल्या की हालचालीवरचा ताबा जातो. हाच कंपवात. नव्या पेशी आणायच्या कुठून? पाच दिवसांच्या मानवी भ्रूणात अशा पेशी असतात, ज्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. त्या हाड होतील, कातडी होतील, मेंदूही होतील. या मूलपेशी. त्यांच्यापासून बशीत डोपामीनच्या पेशी बनवायला आपण कधीच शिकलो. पण रुग्णाच्या मेंदूत सोडल्या की शंभरातल्या पाच जेमतेम जगतात."

"का?" न्यायमूर्ती पटवर्धनांनी विचारलं. ते समितीचे अध्यक्ष होते.

"त्यांना शेजार मिळालेला नसतो, सर. गर्भात पेशी एकटी मेंदूची होत नाही. आजूबाजूच्या पेशी तिला सतत सांगत असतात, तू पुढची, तू मागची, तू इथंच थांब. बशीत हे सांगायला कुणी नाही. म्हणून आम्हाला बशीत पेशी नकोत, भ्रूणच वाढू द्यायचाय. अठ्ठावीस दिवस. तोपर्यंत मेंदूचा हा भाग आकार घेऊ लागतो. तिथल्या पेशी काढून वाढवल्या, तर एका भ्रूणापासून हजारो रुग्णांना पुरतील. आणि त्या जगतील."

जगभर बरीच वर्षं चौदा दिवसांची मर्यादा पाळली जात होती. चौदाव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणावर एक रेघ उमटते. त्याआधी एकाचे दोन, म्हणजे जुळे होऊ शकतात. रेघ उमटली की तो एकच, डोकं कुठं आणि पाय कुठं हे ठरलेला. म्हणून तिथं थांबायचं, असा तो संकेत. नव्या कायद्यानं मात्र तो अठ्ठावीस दिवसांवर नेला होता, फक्त स्थानिक समितीची परवानगी हवी.

"बाविसाव्या दिवशी काय होतं?" त्रिशलाबाईंनी विचारलं. प्रस्तावाच्या शेवटच्या परिशिष्टात त्यांनी ते वाचलं होतं.

केळुस्करांनी खडू खाली ठेवला. "हृदयाची नळी आकुंचन पावायला लागते."

"म्हणजे ठोके."

"हो मॅडम. ठोके."

वकीलबाई त्यांच्याकडे वळल्या. "तुमच्या जैन धर्मात तर मुंगीचाही विचार करतात. तुम्हाला काय वाटतं?"

त्रिशलाबाई बरीच वर्षं रविवारच्या पाठशाळेत मुलांना जीवांचे प्रकार शिकवत. ज्याला फक्त स्पर्श कळतो तो एकेंद्रिय, तिथपासून वर पाच इंद्रियांच्या जीवांपर्यंत. "त्या अवस्थेत डोळे नाहीत, कान नाहीत, वेदना कळायला मेंदू नाही," त्या म्हणाल्या. "झाडाची फांदी आपण तोडतोच." मनुष्याचा गर्भ पहिल्या क्षणापासून पंचेंद्रिय मानावा, असंही त्याच पाठशाळेत त्या शिकवत आल्या होत्या. ते त्या बोलल्या नाहीत.

मतदानाआधी प्रत्येकाला एक छोटा छापील कागद भरायचा होता. या संशोधनात तुमचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा काही संबंध, लाभ किंवा हितसंबंध आहे का? असल्यास मतदानातून दूर राहावं. त्रिशलाबाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: नाही.

चार बाजूनं, चार विरुद्ध. पाचवं मत त्यांचं. त्यांनी हो म्हटलं, पण अट घातली. ज्या जोडप्याचे भ्रूण, त्या दोघांचीही ताजी, लेखी आणि ठोक्यांसकट सगळं समजून दिलेली संमती असल्याशिवाय एकही भ्रूण वापरू नये. ते वाक्य त्यांनी स्वतः लिहून दिलं. न्यायमूर्ती म्हणाले, "बाई, हे वाक्य आहे म्हणून मला झोप लागेल."

दीड वर्षानं केळुस्कर त्यांच्या घरी आले. तोवर भूपालरावांचं दुखणं लपण्यासारखं राहिलं नव्हतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडत, घास घशाशी अडके. केळुस्करांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. बैठकीत एक दुरुस्ती यायची होती, तिची प्रत त्यांनी पुढं ठेवली.

"भ्रूण मिळत नाहीत, मॅडम. टेस्ट-ट्यूब केंद्रांमध्ये हजारो गोठवून पडलेत. उपचार संपले, मूल झालं किंवा नाही झालं, लोक विसरून गेले. संमती मागणाऱ्या पत्रांना कुणी उत्तरच देत नाही."

त्रिशलाबाईंनी लाल पेन घेतलं. परिच्छेद छोटासाच होता. 'पाच वर्षं न वापरलेले आणि तीन संदेश पाठवूनही ज्यांच्याबाबत उत्तर आलेले नाही असे भ्रूण बेवारस समजावेत व त्यांच्या वापरास संमती आहे असे मानावे.'

त्यांनी 'बेवारस' या शब्दाभोवती गोल केला. "ही माझी अटच तुम्ही मोडून काढताय."

"अट तशीच ठेवली तर काम थांबेल. दोन वर्षं, कदाचित तीन." केळुस्करांनी आतल्या खोलीकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. आतून भूपालरावांना ठसका लागल्याचा आवाज येत होता.

त्या आत गेल्या, त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. तेव्हा एकदा त्यांच्या मनात चंदना येऊन गेली. चंदना आणि तिचा नवरा निनाद यांनी सहा वर्षांपूर्वी कोल्हापुरात टेस्ट-ट्यूबचे उपचार घेतले होते. दोनदा गर्भ राहिला नाही. "आई, हा विषय संपला. परत काढायचा नाही," असं चंदना म्हणाली होती, आणि त्यांनी काढला नव्हता. तिचे काही भ्रूण उरलेत का, हे त्यांना ठाऊक नव्हतं. एक फोन करायचा अवकाश होता. पण फोन केला तर कशासाठी विचारतेस ते सांगावं लागलं असतं. शिवाय चंदना बँकेतली अधिकारी; कुठलंही पत्र ती उत्तर दिल्याविना ठेवत नाही. त्यांनी मनाची तशी समजूत घातली आणि बाहेर येऊन शांतपणे सांगितलं, "बैठकीत मी विरोध करणार नाही."

दुरुस्ती मंजूर झाली. कागदाच्या तळाशी नऊ सह्या होत्या आणि नववी त्यांची होती.

पुढच्या वर्षभरात एक्केचाळीस भ्रूण वाढवले गेले. त्यातले बरेच मध्येच थांबले. उरलेल्यांपासून नऊ पेशीवंश तयार झाले, एक ते नऊ अशा नुसत्या आकड्यांचे. पहिल्या वीस रुग्णांच्या यादीत भूपाल मगदूम हे नाव होतं. ते कसं आलं, हे त्रिशलाबाईंनी विचारलं नाही आणि केळुस्करांनी सांगितलं नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात केळुस्कर अहवाल घेऊन आले तेव्हा खुशीत होते.

"शरीर आपलं-परकं ओळखतं ते पेशींवरच्या खुणांवरून. या खुणांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. परक्या दोघांचं जुळणं फार दुर्मीळ. पण सात नंबरचा वंश बघा, एक अख्खा संच भूपालअण्णांच्या संचाशी तंतोतंत जुळतोय. त्यांना औषधंसुद्धा कमी लागतील. नशीबवान आहात, मॅडम. असं जुळणं नात्यातच बघायला मिळतं."

ते हसत बोलले. त्रिशलाबाईही हसल्या. मग त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या जवळपासच लग्नं होतात, असेल कुठंतरी लांबचं नातं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. नीट वाचून शंका काढणारी बाई म्हणून ज्यांची ख्याती होती, त्यांनी तो अहवाल दुसऱ्यांदा उघडला नाही.

डोक्याला दोन्ही बाजूंनी दोन बारीक भोकं पाडून पेशी सोडल्या गेल्या. पाच महिने काहीच फरक नव्हता. सहाव्या महिन्यात भूपालरावांनी आपल्या सदऱ्याची बटणं स्वतः लावली. आठव्या महिन्यात ते न अडखळता गल्लीच्या टोकापर्यंत गेले. वर्ष होता होता सोनी गावच्या एका बागायतदारानं गाडी पाठवली, आणि संध्याकाळी ते परत आले तेव्हा त्यांच्या बोटांना चीक लागलेला होता. "साठ बांधली," ते म्हणाले आणि रडायला लागले.

चंदना त्या शनिवारी मुद्दाम आली. वडिलांनी तिच्यासमोर वाटीतली आमटी एक थेंब न सांडता प्यायली, तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या. जेवणं झाल्यावर ती आईपाशी येऊन बसली.

"आई, तुला एक सांगायचंय. आम्ही परत बघायचं ठरवलंय. माझे तीन भ्रूण ठेवलेत तिथं. इतकी वर्षं मला केंद्राचं नाव नको होतं. त्यांचे मेसेज यायचे, मी उघडतच नव्हते. उघडले की सगळं परत आठवायचं. पण अण्णांना असं बघितलं आणि वाटलं, विज्ञान इतकं पुढं गेलंय, तर आपणच का घाबरून बसायचं? अडतीस झाले मला. ही शेवटची संधी. सोमवारी जातेय."

"जाऊ नकोस," त्रिशलाबाई एवढंच म्हणाल्या.

"का गं?"

"काही नाही. जा. जाऊन ये."

सोमवारी दुपारीच चंदना आली, थेट कोल्हापूरच्या त्या केंद्रातून, निनादलाही न सांगता. चप्पल न काढताच ती आत आली. भूपालराव सोप्यात सुरीला धार लावत होते.

"नाहीयेत," ती म्हणाली. "तिन्ही नाहीत. बेवारस म्हणून देऊन टाकले. माझे! मी जिवंत आहे, निनाद जिवंत आहे, आमचा पत्ता बदललेला नाही आणि ते बेवारस? तिथली बाई म्हणाली, नियमानुसार दिलेत, तुमच्या मिरजेच्याच संस्थेला. आई, तू आहेस ना त्या समितीत? हा नियम कुणी केला? मला नावं पाहिजेत."

भूपालरावांनी सुरी खाली ठेवली. त्रिशलाबाई खुर्चीत बसल्या. खोटं बोलायची सोय अजूनही होती. आठ नावं सांगून नववं गाळता आलं असतं.

"मी केला," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. छापील कागदावरचं 'नाही', पाचवं मत, लाल गोल, न केलेला फोन. शेवटी सात नंबरचा अहवालही सांगितला. तो सांगितला नसता तरी चाललं असतं, पण आता थांबणं त्यांना जमेना.

चंदना वडिलांकडे पाहत राहिली. त्यांच्या चेहऱ्याकडे नव्हे. कपाळाच्या वर, केसांत.

"म्हणजे कुठं आहे ते?" तिनं हळूच विचारलं. "अण्णांच्या डोक्यात?"

ती आली तशीच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भूपालराव एकटे संस्थेत गेले. आयुष्यात बायकोला न सांगता ते पहिल्यांदाच असे कुठं गेले असतील. केळुस्करांसमोर बसून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, काढता येतील का परत?"

"नाही, अण्णा. त्या आता तुमच्याशी जोडल्या गेल्यात. वेगळ्या ओळखूही येणार नाहीत."

"कलम लागलं म्हणा की," भूपालराव म्हणाले आणि उठले. त्यानंतर ते कुणाच्याही बागेत कामाला गेले नाहीत. हात चांगले होते. सगळे बोलावत होते. ते नाही म्हणत.

चंदनानं तक्रार केली; आईनं सांगितलेल्यातलं तिनं त्यात काहीच लिहिलं नाही. मुंबईहून तिघांची चौकशी समिती आली आणि महिनाभर कागद तपासत बसली. तीन संदेश तारखेनिशी पाठवलेले, पाच वर्षं पूर्ण, दुरुस्ती एकमतानं मंजूर. सगळं जागच्या जागी. चौकशी प्रमुखांनी चंदनाला सहानुभूतीनं सांगितलं की दुःख समजतं, पण नियमभंग कुठंच दिसत नाही.

नियमभंग एकच होता, आणि तो त्रिशलाबाईंना माहीत होता. त्यांनी तो छापील कागद खरा भरला असता, तर त्यांना मत देता आलं नसतं. चार विरुद्ध चार झालं असतं आणि प्रस्ताव तिथंच पडला असता. हे आता सांगितलं, तर मूळ परवानगीच रद्द होणार होती. नऊच्या नऊ वंश मोहोरबंद होणार, आणि यादीत थांबलेल्या एकशे त्रेसष्ट रुग्णांना परत पाठवलं जाणार.

केळुस्करांनी त्यांना गाठलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. "तुम्ही एका लेकीसाठी एकशे त्रेसष्ट माणसांना मारताय. तुमच्या लेकीचे भ्रूण त्यानं परत येणार आहेत का?"

"नाही."

"मग?"

"डॉक्टर, मी तेव्हाही एका माणसासाठीच केलं होतं. तेव्हा तुम्हाला चाललं."

त्यांनी चौकशी समितीपुढं उभं राहून सांगितलं. आवाज कापला नाही, आयुष्यभर वर्गात बोलायची सवय होती. न्यायमूर्ती पटवर्धन ऐकताना पूर्ण वेळ टेबलाकडे बघत होते. आठवड्यानं परवानगी रद्द झाल्याचं पत्र निघालं. नऊ वंश शीतपेट्यांत मोहोरबंद झाले. त्रिशलाबाईंचं नाव वर्तमानपत्रात आलं. काहींनी प्रामाणिक बाई म्हणून लिहिलं, काहींनी त्याच्या उलट.

कोरेबाई त्यांच्या शाळेत गणित शिकवायच्या, वीस वर्षांची मैत्री. त्यांचे यजमान त्या यादीत अकराव्या क्रमांकावर होते. त्या आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"तुमच्या घरचं झाल्यावर खरं बोलायला सुचलं, नाही का त्रिशलाबाई?" त्या म्हणाल्या. "आणखी दोन महिने गप्प बसला असतात तर आमचंही झालं असतं."

कोरेबाईंचे यजमान पुढच्या चैत्रात गेले. त्याच सुमारास कळलं की केळुस्करांनी दुसऱ्या राज्यात नवी संस्था काढलीय, तिथल्या समितीनं परवानगी दिलीय, कायद्याची मर्यादा मध्यंतरी वाढल्यानं या वेळी अठ्ठावीस नव्हे, पस्तीस दिवसांची. सगळे कागद चोख आहेत म्हणे. सामान्य माणूस म्हणून कुणीतरी निवृत्त पोस्टमास्तर बसलाय.

आपण खरं बोललो हे चंदनाला कळलं असेलच, एवढ्यावर त्रिशलाबाईंनी ते वर्ष काढलं. फोन केले तर निनाद उचले. ती बरी आहे म्हणे, कामात आहे म्हणे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी चंदना आली. बारीक झाली होती, केस आखूड कापले होते. ती सरळ वडिलांच्या पलंगावर जाऊन बसली. इकडचं तिकडचं बोलली, बदलीचं, निनादच्या आईच्या गुडघ्यांचं. मग बोलता बोलता तिनं हात उचलला आणि वडिलांच्या केसांत बोटं घातली. एका बाजूचा खळगा तिला सापडला, मग दुसऱ्या बाजूचा. भूपालराव डोळे मिटून हलले नाहीत. बराच वेळ तिचा तळवा तिथंच होता.

"दुखतं का, अण्णा?"

"नाही गं बाळ. काहीच कळत नाही."

त्रिशलाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. आत जावं की नाही हे त्यांना कळेना. शेवटी चहा निवत चालला म्हणून त्या पुढं झाल्या. चंदनानं वडिलांच्या डोक्यावरून हात काढून घेतला आणि ती सावरून बसली, परक्या घरी बसावं तशी.

"ठेवा तिथं," ती म्हणाली. "तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

जन्मापासून चंदनानं आईला तू सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. त्रिशलाबाईंनी नकळत मागं वळून पाहिलं, आपल्या पाठोपाठ दुसरं कुणी आत आलंय की काय म्हणून. मागं कुणी नव्हतं.